मदत हवी आहे: फेझंट आणि डंपलिंग एकाच पातेल्यात कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात नॉरफकला राहते. शेजारच्या शेतकरी काकांनी फेझंटची (कोंबडीसारखं रानपाखरू) जोडी दिलीय, पिसं काढून, साफ करून. इथे त्यांचा मोसम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, म्हणजे या वर्षीची बहुधा हीच शेवटची. साताऱ्याहून आई-बाबा आलेत. बाबांच्या लहानपणी गावात तितर-लावे शिजायचे. पुढे वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद झाली, ते योग्यच झालं, पण रानपाखराच्या रश्श्याची आठवण ते अजून काढतात. म्हणून हा बेत नीट व्हावा असं फार वाटतंय.

करायचा आहे इथला पारंपरिक स्ट्यू, वर डंपलिंग, म्हणजे रश्श्यातच शिजवलेले मैद्याचे गोळे. अडचण अशी की एक कृती सांगते अख्खा पक्षी दीड तास शिजवा, दुसरी म्हणते छातीचं मांस दहा मिनिटांवर गेलं की लाकूड होतं. खरं काय? डंपलिंगला सुएट, म्हणजे गाई-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी लागते. बाबा बीफ खात नाहीत, त्याला पर्याय आहे का? आणि लेक चार वर्षांची आहे, तिला हे द्यावं का? आपला मसाला घालायचा नाहीये, मूळ चवच हवी आहे.

प्रतिसाद:

ताई, दोन्ही कृती बरोबर आहेत, फक्त पक्ष्याच्या वेगवेगळ्या भागांसाठी. हा पक्षी पायांनी धावणारा, त्यामुळे तंगड्या चिवट. छातीवर चरबी जवळजवळ नाहीच. तेव्हा आधी छातीचे तुकडे सोडवून बाजूला ठेवा.

तंगड्या आणि हाडांचा सांगाडा जाड बुडाच्या पातेल्यात लोण्यावर लालसर परता. कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, थाईम, चार-पाच जुनिपरचे दाणे (एका झुडपाची सुगंधी सुकी फळं) ठेचून, पेलाभर सायडर (सफरचंदाची दारू) आणि बुडेल इतकं पाणी घाला. झाकून मंद आचेवर दीड तास तरी. मोसमाच्या शेवटचे पक्षी जून असू शकतात, मग दोन तासही लागतात. मांस हाडापासून सुटलं की सगळं बाहेर काढून सोला. नळीच्या मांसात सुईसारख्या कडक शिरा असतात, त्या बोटांनी चाचपून एकूण एक काढा. याच वेळी शिकारीच्या बंदुकीचे छर्रेही हाताला लागतात. मांस परत रश्श्यात.

वनस्पती तेलाचं सुएट सुपरमार्केटात सहज मिळतं, पुडक्यावर बघून घ्या. १०० ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, ५० ग्रॅम सुएट, मीठ, पार्सली, चार-पाच मोठे चमचे गार पाणी. हलक्या हाताने फक्त गोळा होईपर्यंतच मिसळा. मळलंत तर गिच्च होतात. लिंबाएवढे गोळे रटरटत्या रश्श्यावर अंतर ठेवून सोडा, वीस मिनिटं झाकण अजिबात उघडू नका.

त्या वीस मिनिटांत छातीचे तुकडे तव्यावर लोण्यात दोन्हीकडून तीन-चार मिनिटं भाजा, जरा थांबून कापा आणि वाढताना वर ठेवा.

लेकीचं म्हणाल तर छर्रे बहुतेक शिशाचे असतात. छर्रे काढले तरी शिशाचे बारीक कण मांसात राहतात, म्हणून इथलं अन्नखातं लहान मुलांना आणि गरोदर बायकांना असं मांस कमीत कमी द्या म्हणतं. मी तिच्यासाठी कोंबडीचा वेगळा रस्सा करेन आणि तिची डंपलिंगं त्यातच शिजवेन.