भाषा न कळताही कर्नाटक संगीतातील भक्तिभाव उमगावा, यासाठी कोणत्या रचना ऐकाव्यात?

यमनप्रेमी :
नमस्कार. माझे कान ख्याल, नाट्यपदे आणि अभंग यांवर पोसलेले आहेत. अलीकडे किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात कर्नाटक गायन ऐकण्याचा योग आला. गायनाची तयारी थक्क करणारी होती. परंतु तेलुगू वा तमिळ येत नसल्यामुळे गायक कोणाची आळवणी करीत आहे आणि नेमके काय मागत आहे, हे हाती लागले नाही. एकच ओळ इतक्या वेळा का म्हटली जाते आणि शेजारचे रसिक विशिष्ट जागीच दाद का देतात, हे समजून घ्यायचे आहे. चालीतून अर्थ कसा उलगडतो हे ज्यांत स्पष्ट दिसेल, अशा मोजक्या रचना जाणकारांनी सुचवाव्यात. अर्थ आधी वाचावा की नंतर, हेही सांगावे.

कावेरीकाठ :
आपण त्यागराजांच्या (1767–1847) ‘निधि चाल सुखमा’ या कृतीपासून, म्हणजे बांधीव गीतरचनेपासून, सुरुवात करावी. तिचा राग कल्याणी, म्हणजे स्वर आपल्या यमनचेच. त्यामुळे राग ओळखण्यात शक्ती खर्च होणार नाही आणि लक्ष शब्दांकडे राहील. तंजावरच्या सरफोजी राजांनी पाठवलेला नजराणा परत करताना त्यागराजांनी ही कृती रचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली नाही तरी चालेल, कारण कृतीतला प्रश्न स्वतंत्रपणे उभा आहे : धन अधिक सुखाचे, की रामाच्या सन्निध राहून केलेली सेवा? मना, खरे काय ते सांग.

आता आपल्या मूळ शंकेविषयी. पल्लवीची, म्हणजे कृतीच्या ध्रुवपदासारख्या पहिल्या भागाची, ओळ पुन्हा पुन्हा येते तेव्हा ती जशीच्या तशी येत नाही. प्रत्येक आवर्तनात चालीचा एखादा भाग थोडा वाढतो, वळतो किंवा वरच्या स्वरांना स्पर्श करून परततो. या बांधीव रूपांना संगती म्हणतात आणि ती गुरुपरंपरेने चालत आलेली असतात. ख्यालात बंदिश पुष्कळदा बढतीचे, म्हणजे रागविस्ताराचे, निमित्त ठरते. कृतीत मात्र रचनाकाराने चालच अशी बांधलेली असते की, पहिल्या संगतीत साधा वाटणारा प्रश्न चौथ्या-पाचव्या संगतीपर्यंत मनाला धरून जाब विचारू लागतो.

याच कृतीच्या चरणात, म्हणजे पुढच्या कडव्यात, ‘ममता बंधन युत नरस्तुति सुखमा’ अशी ओळ आहे : ममतेच्या बंधनात अडकलेल्या माणसाची स्तुती करणे सुखाचे आहे काय? बहुतेक गायक निरवल करण्यासाठी हीच ओळ निवडतात. निरवलमध्ये शब्द तेच राहतात, तालातील त्यांच्या जागाही साधारण त्याच राहतात आणि स्वरांची गुंफण मात्र गायक दर आवर्तनात नव्याने करतो, प्रथम संथ लयीत आणि मग दुपटीत. पुढे कल्पनास्वर, म्हणजे आयत्या वेळी रचलेली सरगम, सुरू झाले की गायक सरगमेतून फिरून ‘ममता’ या शब्दावरच येऊन पोहोचतो. शेजारच्यांनी दाद दिली असेल ती बहुधा अशाच एखाद्या आगमनाला. निरवलसाठी कोणती ओळ घेतली जाते, यावरून गायकाला कृतीचा गाभा कोठे दिसतो हे कळते. नुसती स्वरांना सोयीची म्हणून भलतीच ओळ धरणारे गायकही आहेत, आणि तिथे माझे मन रमत नाही.

अर्थाचे म्हणाल, तर पल्लवी आणि निरवलची ओळ एवढ्यांचाच अर्थ आधी वाचावा. संपूर्ण भाषांतर हातात घेऊन बसल्यास डोळे कागदावर राहतात आणि संगती निसटतात.

मिश्रचापु :
वरील सल्ला उत्तम आहे, तरी त्यागराज पुष्कळदा वाद घालतात, उपदेश करतात. निव्वळ विनवणी ऐकायची असेल, तर श्यामाशास्त्रींकडे (1762–1827) वळावे, असे मला वाटते. त्यांची कामाक्षीवरील भैरवी रागातील स्वरजती, म्हणजे स्वरांच्या बांधणीवर शब्द बसवलेली रचना, अवश्य ऐकावी. तिला आठ चरण आहेत. पहिला षड्जापासून, दुसरा ऋषभापासून, तिसरा गांधारापासून, असे एकेक स्वर चढत अखेरचा चरण तार षड्जापासून सुरू होतो. देवीला घातलेली हाक अशी पायरीपायरीने वर जाते आणि तार षड्जाशी पोहोचेपर्यंत तिच्यातील आर्तता, शब्द न समजताही, अंगावर येते. मात्र हा भैरवी म्हणजे आपली भैरवी नव्हे. आपल्या भैरवीचे स्वर त्यांच्या तोडीत सापडतात, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात कान गोंधळण्याची शक्यता आहे.

यमनप्रेमी :
दोघांचेही आभार. संस्कृत थोडेफार कळते. तेव्हा संस्कृतात रचना करणाऱ्या मुत्तुस्वामी दीक्षितांची एखादी रचना सुचवता येईल का?

कावेरीकाठ :
‘चेतः श्री बालकृष्णं’ ऐकावी. तिचा द्विजावंती राग आपल्या जयजयवंतीच्या जवळचा आहे आणि मुत्तुस्वामी दीक्षितांनी काही वर्षे काशीत काढली होती, हे ऐकताना सतत जाणवते. येथे याचना जवळजवळ नाही. देवाचे रूप एकेका विशेषणाने, अतिशय विलंबित लयीत न्याहाळले जाते. घाई असलेल्या दिवशी ही कृती लावू नये.

ओवीकार :
मराठी मनाला थेट भिडणारी एक तमिळ रचना राहून गेली. गोपालकृष्ण भारती यांच्या नंदनार चरित्रातील ‘वरुगलामो’, राग मांजी. जातीमुळे मंदिराबाहेर राहिलेला नंदन चिदंबरच्या नटराजाला विचारतो, ‘मी येऊ का?’ चोखोबांचे अभंग ज्याने ऐकले आहेत, त्याला याहून अधिक स्पष्टीकरण लागणार नाही. के. व्ही. नारायणस्वामी यांचे गायन शोधावे. त्यांच्या आवाजात तो प्रश्न दर वेळी अधिक नम्र होत जातो, आणि म्हणूनच अधिक बोचतो. त्यानंतर एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी गायिलेले पुरंदरदासांचे ‘जगदोद्धारन’ ऐकावे. जगाचा उद्धार करणाऱ्याला यशोदा खेळवते आहे, असा त्याचा भाव आहे. कापी रागाचे लाडिक वळण त्या खेळवण्याला अगदी शोभते, आणि पदाच्या अखेरीस येणारी ‘पुरंदर विठ्ठल’ ही कवीची नाममुद्रा तर आपल्या ओळखीचीच आहे.

मिश्रचापु :
ध्वनिमुद्रणांविषयी एक सूचना. जुन्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत कृती बसवावी लागे, त्यामुळे निरवल त्यांत सहसा मिळत नाही. ‘निधि चाल सुखमा’साठी तरी प्रत्यक्ष मैफलीतील दीर्घ मुद्रणच निवडावे.