आमिष, क्लिकर की आपणहून केलेलं टिपणं: कुत्र्याला शिकवताना पद्धती एकत्र कराव्यात का?

चंदूची आई:
आमचा चंदू गावठी, आठ महिन्यांचा. त्याच्यासाठी दोन प्रशिक्षकांना भेटले. दोघंही मारझोडीच्या विरोधातले, खाऊ देऊनच शिकवणारे. तरी पहिले म्हणाले, नाकासमोर घास अजिबात धरायचा नाही. फक्त क्लिकर, म्हणजे दाबल्यावर "टिक" वाजणारी छोटी डबी; टिक झालं की कुत्र्याला कळतं, हे बरोबर केलं, आता खाऊ. बाकी कुत्र्याला स्वतःला शोधू द्या. दुसऱ्या म्हणाल्या, क्लिकर कपाटात ठेवा, घासामागे नाक फिरवा, लगेच शिकेल. मी दोन्ही केलं, आणि माझं ठाम मत झालंय की काम बघून पद्धत निवडावी.

"बस" घासाने शिकवलं. पनीरचा तुकडा नाकावरून डोक्याकडे नेला की मान वर जाते आणि ढुंगण आपोआप टेकतं. "चटईवर जा" मात्र टप्प्याटप्प्याने, म्हणजे शेपिंगने. आधी चटईकडे नुसतं बघितलं तरी टिक आणि घास, मग एक पाय ठेवला तर, मग चारही. आणि सकाळी उठल्यावर तो पुढचे पाय ताणून आळस देतो, ते टिपत गेले. रोज नेमक्या त्या क्षणी टिक. आता "नमस्कार" म्हटलं की वाकतो. एकाच पद्धतीचा हट्ट धरला असता तर यातलं एखादं राहूनच गेलं असतं. तुम्हाला काय वाटतं?

नाशिककर:
ताई, असहमत. घासामागे फिरायची सवय लागलेलं कुत्रं हाताकडे बघत उभं राहतं. पुढे त्याला चटई दाखवलीत तरी ते स्वतः काही करून बघत नाही, तुम्ही नेण्याची वाट बघतं.

क्लिकरचं मूळ बघा. वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी 1940 च्या दशकात खाऊआधी आवाजाची खूण वापरायला सुरुवात केली. 1960 च्या दशकात हवाईत कॅरन प्रायर डॉल्फिनना शिट्टीवर शिकवत होत्या. पाण्यातल्या डॉल्फिनला ना पट्टा घालता येतो, ना ढकलता येतं. तो आपणहून जे करेल त्यातूनच हवं ते घडवावं लागतं. त्या जनावराला स्वतःचं डोकं वापरायला मिळतं, हेच या पद्धतीचं बळ. त्यात आमिष मिसळलं की ते बळ गेलं.

आजोळ:
नाशिककर, तुमचं ऐकून कित्येक घरं शिकवणंच सोडून देतील. माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. एका हातात पट्टा, दुसऱ्यात क्लिकर, मग खाऊ कुठे धरायचा? टिक एक क्षण उशिरा झालं तर कुत्रं बसल्याचं नव्हे, उठल्याचं बक्षीस घेतं. आणि शेपिंगमध्ये टप्पे फार मोठे ठेवले की कुत्रं वैतागून भुंकायला लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पशुवैद्य आणि श्वानप्रशिक्षक इयन डनबार यांनी 1980 च्या दशकात पिल्लांचे वर्ग सुरू केले ते घासाच्या आमिषावरच. अट एकच: पाच-सहा वेळांनंतर हात रिकामा. इशारा तोच, पण खाऊ दुसऱ्या हातातून किंवा खिशातून. हे न करणाऱ्यांची कुत्री हाताला चिकटतात. दोष आमिषाचा नाही.

मांजराकाठ:
तुम्ही सगळे खाऊवरच अडकलात. आमच्याकडे कारवानी, म्हणजे शिकारी जातीची कुत्री आहे. लांब पाय, अंगावर मांस नाही; फरशीवर "बस" म्हटलं तर तिला ते नकोच असतं. आम्ही बसणं सोडून उभ्याने थांबणं शिकवलं. शिवारात तर तिच्यापुढे उकडलेली कलेजी धरली तरी ढुंकून बघत नाही, नजर सशावर. तिथे बक्षीस म्हणजे बंदिस्त आवारात मोकळं पळू देणं. दोन क्षण माझ्याकडे बघितलं की "जा". मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी 1959 मध्ये हेच तत्त्व मांडलं: जास्त आवडती कृती कमी आवडत्या कृतीचं बक्षीस होते. हीसुद्धा सरमिसळच, आणि तिच्याशिवाय आमचं पान हललं नसतं.

चंदूची आई:
नाशिककर, हाताकडे बघण्याचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. मंडईतून आले, दोन्ही हातांत पिशव्या, दारात "बस" म्हटलं. चंदू नुसता बघत राहिला. शब्द आणि हात मी एकाच वेळी वापरत होते, त्यामुळे तो हातच शिकला, शब्द त्याच्या कानावरून गेला. मग आधी शब्द, क्षणभर थांबून हात, असं केलं. काही दिवसांत हात हलायच्या आधीच बसायला लागला. आता एक नियम पाळते: एका बैठकीत एकच पद्धत. चटई पसरली की माझे हात पाठीमागे.

नाशिककर:
नियम चांगला आहे, पण घाबरणाऱ्या कुत्र्याचं काय? आमच्या सोसायटीत एका दत्तक घेतलेल्या कुत्रीला चिकन दाखवत लिफ्टमध्ये नेलं. घासावर लक्ष असेपर्यंत ती आत गेली, दार बंद झालं, आणि घास संपल्यावर तिला कळलं आपण कुठे आहोत ते. कोपऱ्यात थरथरत उभी राहिली. त्यानंतर लिफ्टजवळ चिकन दिसलं की मागे सरते. खाऊवरचाच विश्वास गेला. तिला आपल्या पायांनी, आपल्या गतीने यायला द्यायला हवं होतं. भीतीच्या ठिकाणी आमिष नकोच, यावर मी तडजोड करणार नाही.

आजोळ:
हे मात्र मान्य. आम्ही आंघोळीच्या बादलीपर्यंत असंच ओढत होतो. उद्यापासून बंद.

चंदूची आई:
चंदूही लिफ्टला बिचकतो, आणि मी आज संध्याकाळी तेच करणार होते. त्याऐवजी दारापासून दहा पावलांवर क्लिकर घेऊन बसते. तो जिथवर आपणहून येईल तिथे टिक, आणि खाऊ लिफ्टपासून लांब टाकेन, म्हणजे परत फिरायची मोकळीक त्याला राहील. पण "बस"साठीचं पनीर मी सोडणार नाही, नाशिककर.