‘तेरेझ राकँ’मधला नवरा म्हणे बिचारा!

शुभदा_क : कालच्या थरारक कादंबऱ्यांच्या धाग्यावर निशाचर यांनी फ्रेंच लेखक झोलाच्या ‘तेरेझ राकँ’ या कादंबरीची वाट लावलीय. ‘बाहेरख्याली बायकोला घडलेली अद्दल, भोळा नवरा हकनाक मेला.’ अहो, सुरुवातीची पानं वाचलीत की थेट खुनावर उडी? आत्यानं धडधाकट तेरेझला आपल्या आजारी मुलाच्या, कामियच्या उबट खोलीत वाढवलं, त्याची औषधं तिलाही पाजली आणि एकविसाव्या वर्षी त्याच्याच गळ्यात बांधली. मग लोराँसारखा प्रियकर आला तर नवल काय?

निशाचर : म्हणून नवऱ्याला सीन नदीत बुडवायचं? घटस्फोट घ्यायचा की!

शुभदा_क : कुठून घ्यायचा? कादंबरी १८६७ची. फ्रान्समध्ये घटस्फोट १८१६लाच बंद झाला, तो परत आला १८८४ला.

निशाचर : बरं, वकीलबाई जिंकल्या. तरी होडीत ती बघत बसली ना? कामियनं लोराँच्या मानेचा चावा घेतला, तो व्रण त्याला शेवटपर्यंत जाळतो. ही शिक्षा नाही तर काय?

अवलिया७१ : शिक्षा-बिक्षा काही नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत झोला स्वच्छ सांगतो, मी स्वभावप्रकृती तपासतोय आणि हा पश्चात्ताप म्हणजे निव्वळ शरीराचा बिघाड. ‘फिगारो’ या वर्तमानपत्रात ‘सडकं साहित्य’ म्हणून झोडपला होता, त्याला दिलेलं उत्तर आहे ते.

गवतीचहा : तुमचं चालू द्या. मला ती आत्या छळते. लकवा झालेला, वाचा गेलेली, आणि मुलाचे मारेकरी तिच्यासमोरच सगळं बोलतात. माझ्या काकूचं असंच झालं होतं. रुग्णसेवेच्या ब्यूरोची बाई तिच्या उशाशी बसून फोनवर म्हणायची, ‘म्हातारी काही लवकर जात नाही.’ काकूला सगळं कळायचं. डोळे नुसते वाहायचे.

अण्णा : ब्यूरोच्या बायकांना बोलणं सोपं आहे. बारा तासांची पाळी, कमिशन कापून हातात काय उरतं? माझी बहीण हेच काम करते. घरचे कुठं होते तेव्हा?

गवतीचहा : घरचे नोकरीवर होते, त्या बाईचाच पगार भागवायला! आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्ही सांगू नका.

अण्णा : मग तुम्हीही एका बाईवरून सगळ्यांना नावं ठेवू नका.

अवलिया७१ : दोघंही जरा दमानं घ्या. गुरुवारच्या डॉमिनोच्या डावात आत्या टेबलावर बोटानं लिहिते, ‘तेरेझ आणि लोराँ यांनी...’ आणि हात गळतो. डावाला आलेला पाहुणा ग्रिवे ते वाक्य ‘माझी फार काळजी घेतली’ असं पुरं करून मोकळा! तुमचं दोघांचं तेच चाललंय.

गवतीचहा : आमचा ग्रिवे तुम्हीच.

निशाचर : शुभदाताई, सुरुवात मी चाळलीच होती. कामिय तुमच्याकडे ठेवा, पण मांजर खिडकीतून समोरच्या भिंतीवर भिरकावणाऱ्या लोराँची बाजू कुणी घेऊ नये. तिथं मला प्रस्तावना सांगाल तर खबरदार.