नाकातला स्राव तपासणीसाठी कसा गोळा करावा? मदत हवी आहे (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करतेय. माझे बाबा मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. सौदे सुरू झाले की रोज सकाळी शिंकांची माळ लागते, नाक वाहतं, रात्री चोंदतं. यार्डातल्या बऱ्याच हमालमामांचं हेच गाऱ्हाणं. धुळीनं नुसतं चुरचुरतंय की ॲलर्जीची सूज आहे, हे स्रावावरून बघायचा माझा प्रकल्प आहे. एथिक्स कमिटीची परवानगी मिळालीय.

घोडं अडलंय ते नमुना घेण्यावर. नाक धुऊन पाहिलं : मान मागे, सुई नसलेल्या सिरिंजनं एका नाकपुडीत ५ मिली कोमट सलाईन, दहा सेकंद न गिळता धरायचं, मग पुढं वाकून भांड्यात सोडायचं. मला जमलं. बाबांच्या मात्र घशात उतरलं, केवढा ठसका लागला! त्यांना असा त्रास परत द्यायचा नाही. शिवाय पाणी कधी चार मिली परत येतं, कधी अडीच. मूळ स्राव किती पातळ झाला तेच कळत नसेल तर दोघांचं इंटरल्युकिन-५ (ॲलर्जीच्या सुजेत वाढणारं प्रथिन) ताडून कसं बघणार? युरिया रक्तात आणि स्रावात साधारण सारखाच असतो, त्यावरून हिशेब लागतो, पण त्याला रक्तही लागतं, आणि सुई बघितली की मामा लोक उठून जातात.

टिपकागदासारखी शोषक पट्टी नाकात ठेवली तर पाणी मिसळत नाही. पण पट्टीवर पेशी नीट मिळत नाहीत, आणि मला इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजायचेत. कुणी दोन्ही एकत्र केलंय का?

प्रतिसाद :
ताई, आधी पट्टी, मग पेशी. उलट केलंत तर पेशी खरवडल्यानं दुसऱ्या नाकपुडीतही पाणी सुटेल आणि पट्टीतला स्राव बदलेल. पट्टी आणि ट्यूब आधी कोरडी तोलून ठेवा, नंतर परत तोला. फरक म्हणजे स्राव. प्रत्येकाला पट्टी तेवढाच वेळ ठेवा. पेशी दुसऱ्या नाकपुडीतून, खालच्या टर्बिनेटवरून (नाकाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावरून) खरवडून घ्या, तेही कान-नाक-घसा डॉक्टरांकडूनच. स्लाईड लीशमन रंगानं रंगवा. इओसिनोफिल भरपूर दिसले तर ॲलर्जीकडे कल. पण नुसत्या त्यावरून ॲलर्जी म्हणू नका, त्वचेची चाचणी जोडा. न्यूट्रोफिलच (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील तर जंतुसंसर्ग किंवा धुळीची जळजळ. नुकतीच सर्दी झालेल्यांना आणि नाकात स्टेरॉईडचा फवारा मारणाऱ्यांना वगळा.

धागाकर्ती :
खूप आभार! वजनाचं सुचलंच नव्हतं. नमुने गोठवून ठेवायला आमच्याकडे उणे २० अंशांचाच फ्रीजर आहे. उणे ८०ची सोय मिरजेत बाहेरच्या विद्यार्थ्यांना कुठं मिळेल का?