जुन्या डिजिटल फोटोंतली खासगी माहिती काढायची आहे, पण तारीख आणि दिशा शाबूत ठेवून

कोरीपाटी

२००३ ते २०१५ मधले साधारण ११,००० फोटो आहेत. तीन कॅमेरे, दोन फोन, थोडे स्कॅन. बहुतेक जेपेग, काहीशे रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली). बरेचसे मधल्या काळात पिकासा या गूगलच्या जुन्या फोटो-प्रोग्राममधून गेलेले, चेहऱ्यांना नावे दिलेली. त्यातले हजारेक निवडून कोणालाही पाहता येईल अशा अल्बममध्ये टाकायचे आहेत.

विंडोजमध्ये राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग तळाचे ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन’ करून पाहिले. शंका अशा:

१. एवढ्याने सगळे जाते का?
२. दुसऱ्या एका प्रोग्रामने ‘सगळे पुसा’ केल्यावर उभे फोटो आडवे झाले आणि काहींचे रंग फिके पडले. का?
३. फक्त तारीख ठेवून बाकीचे घालवता येते का?

फोटोची प्रत (दर्जा) जराही घटायला नको.

टॅगमोडे

पहिल्याचे उत्तर: नाही. विंडोजला जे टॅग (माहितीच्या एकेक नोंदी) ओळखता येतात तेवढेच ते काढते. त्या खिडकीत पर्यायाचे नावच ‘ऑल पॉसिबल प्रॉपर्टीज’ असे आहे, आणि त्यातला ‘पॉसिबल’ उगाच घातलेला नाही.

एका जेपेगमध्ये माहिती एकाच जागी नसते. एक्झिफचा विभाग वेगळा (कॅमेरा भरतो ती माहिती), आयपीटीसीचा वेगळा (शीर्षक, ठिकाण वगैरे मजकूर; तो फोटोशॉपच्या विभागात बसतो), एक्सएमपीचा वेगळा (फोटो-प्रोग्राम लिहितात ती माहिती), शिवाय जुन्या प्रोग्रामांनी टाकलेली साधी कॉमेंट. त्यामुळे एकच गोष्ट दोन-तीन ठिकाणी सापडते. एक्झिफमधले अक्षांश-रेखांश पुसले तरी एक्सएमपीत त्यांची नक्कल राहू शकते, आणि आयपीटीसीत गावाचे नाव अक्षरांत लिहिलेले असू शकते. ‘जीपीएस काढले’ म्हणणारे काही प्रोग्राम पहिल्या जागेवरच थांबतात.

सगळ्यात दुर्लक्षित कप्पा म्हणजे मेकरनोट. कॅमेरा कंपनीने स्वतःच्या मनाने भरलेला तुकडा, ज्याची रचना जाहीर नसते. कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, मालकाचे नाव, शटर किती वेळा उघडले तो आकडा, असले काहीही त्यात असते. पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांत तर बाळाचे नाव आणि जन्मतारीख भरायची सोय होती. भरली असेल तर बाळाचे वय आणि नाव फोटोबरोबर जाते. घरगुती फोटोंत हे आधी तपासा.

मेकरनोटमधला एकेक टॅग वेगळा उपटता येत नाही. आतले पत्ते बाइटच्या अंतराने ठरलेले असतात, मधलेच काही काढले की बाकीचे कोसळते. गेला तर अख्खा तुकडा जातो, आणि जाऊ द्यावा.

बाइटबहाद्दर

टॅगमोडेंशी सहमत. आता करायचे कसे ते.

साधन: एक्झिफटूल. फिल हार्वे यांनी लिहिलेले, फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. हे चित्राच्या बिंदूंना (पिक्सेलांना) हात लावत नाही, फक्त माहितीचे विभाग काढते. म्हणून प्रत घटण्याचा प्रश्नच येत नाही. इमेजमॅजिक या प्रोग्राममधला ‘स्ट्रिप’ अनेक जण सुचवतात. तो जेपेग उघडून पुन्हा दाबतो, म्हणजे प्रत घटते. तुमच्या अटीत तो बसत नाही.

आधी हजार फोटोंची वेगळ्या फोल्डरमध्ये नक्कल करा. मूळ संग्रहावर काहीही चालवू नका. तारखा, ठिकाणे, चेहऱ्यांची नावे हीच पुढे फोटो शोधायला उपयोगी पडतात, ती फक्त बाहेर जाणाऱ्या प्रतीतून काढायची.

मग त्या नकलेच्या फोल्डरवर ही आज्ञा (इथे देवनागरीत लिहिली आहे, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, छोट्या रोमन अक्षरांत टाइप करायची):

एक्झिफटूल -आर -ओव्हरराइट_ओरिजिनल -ऑल= -टॅग्जफ्रॉमफाइल @ -ओरिएंटेशन -कलरस्पेसटॅग्ज -डेटटाइमओरिजिनल फोल्डरचे-नाव

‘ऑल’च्या पुढे बरोबरचे चिन्ह लगेच, आणि त्यापुढे काही नाही: म्हणजे ‘सगळे रिकामे कर’. मधे एक जागा सोडलीत तर पुसायची आज्ञा राहत नाही, प्रोग्राम काहीतरी वाचत बसतो. पुढचा भाग म्हणजे त्याच फाइलमधून (@ चा अर्थ तोच) तीन गोष्टी परत आण: दिशा, रंगाची माहिती, फोटो काढल्याची तारीख-वेळ. क्रम असाच ठेवा, आधी पुसणे, मग परत आणणे.

‘ओव्हरराइट_ओरिजिनल’ विसरलात तर प्रत्येक फोटोशेजारी नावाअखेर ‘_ओरिजिनल’ लागलेली फाइल राहते. ती जुन्या माहितीसकट जशीच्या तशी असते. अख्खे फोल्डर अपलोड करणारे इथेच फसतात.

आणि एक: मोठ्या रोमन अक्षरातला ‘पी’ फाइलची बदलाची तारीख राखतो, छोट्या अक्षरातला ‘पी’ पूर्ण वेगळे काम करतो. पर्याय उतरवताना अक्षराचा आकारही उतरवा.

निगेटिव्ह३६

दुसऱ्या शंकेबद्दल.

बहुतेक कॅमेरे उभा फोटोही आडवाच साठवतात आणि एक्झिफमध्ये ‘दाखवताना फिरव’ असा आकडा ठेवतात, १ ते ८ पैकी एक. १ म्हणजे आहे तसा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश, ८ म्हणजे उलट ९० अंश, ३ म्हणजे उलटा. तो आकडा पुसला गेला की फोटो आडवा पडणार. आकडा ठेवल्याने कोणाची ओळख उघड होत नाही, त्यामुळे वरच्या आज्ञेत तो परत आणणे योग्यच.

आकडाही नको असेल तर बिंदूच फिरवून घ्या. जेपेगट्रॅन नावाचे साधन हे काम प्रत न घटवता करते, कारण ते ८ किंवा १६ पिक्सेलांचे ठोकळे उचलून जागा बदलते. लांबी-रुंदी त्या ठोकळ्यांनी भागली जात नसेल तर कडेला एक विचित्र पट्टी राहते. ‘ट्रिम’ दिले तर ती पट्टी कापते, ‘परफेक्ट’ दिले तर काम करायलाच नकार देते. कॅमेऱ्यातून थेट आलेले १६००×१२०० किंवा २०४८×१५३६ बिनधोक फिरतात. हाताने कापलेले फोटो त्रास देतात.

रंग फिके पडले ते फोटो बहुधा अडोबी आरजीबीत (रंगांच्या मोठ्या पट्ट्यात) काढलेले. आपला कॅमेरा त्यात लावलेला होता हे फाइलच्या नावावरून कळते, सुरुवातीला अधोरेखा असते. अशा फाइलमध्ये कॅमेरा सहसा रंगाचे प्रोफाइल घालत नाही, एक्झिफमध्ये दोन छोट्या खुणा ठेवतो. त्या गेल्या की पाहणारा प्रोग्राम फोटो एसआरजीबी (नेहमीचा रंगपट्टा) समजून दाखवतो आणि लाल-हिरवे मरगळतात. ‘कलरस्पेसटॅग्ज’मध्ये त्या खुणाही येतात आणि प्रोफाइल असेल तर तेही.

खरे सांगायचे तर वेबवर टाकायचे असतील तर अडोबी आरजीबीतले मोजके फोटो एसआरजीबीत बदलून नव्याने जतन केलेले बरे. बरेच प्रोग्राम त्या खुणांकडे बघतच नाहीत. पण त्यात पुन्हा दाबणे आले, तेव्हा ठरवा तुम्हीच.

टॅगमोडे

राहिलेला धोका: थंबनेल. एक्झिफमध्ये मूळ फोटोचे एक छोटे रूप असते, साधारण १६०×१२०. जुने काही प्रोग्राम फोटो कापल्यावर किंवा चेहरा पुसट केल्यावर हे रूप बदलत नसत. म्हणजे मोठ्या चित्रात चेहरा नाही, छोट्यात स्पष्ट. फोटोशॉपच्या विभागात आणखी एक थंबनेल असू शकते, आणि काही कॅमेरे जेपेग संपल्यावर फाइलच्या शेपटाला बरेच मोठे प्रिव्ह्यू जोडतात. फोनच्या हलत्या फोटोंत तर त्याच शेपटाला छोटा व्हिडिओ असतो, आवाजासकट.

‘ऑल=’ने थंबनेल जाते. शेपूटही नक्की जावे म्हणून आज्ञेत ‘-ट्रेलर:ऑल=’ घालून ठेवा, ‘-ऑल=’च्या शेजारी. फाइलचा आकार एकदम काहीशे केबीने उतरला तर समजा शेपूट होते.

पीएनजी स्क्रीनशॉट असतील तर त्यांची गोष्ट निराळी. २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअप या स्क्रीनशॉट कापायच्या सोयीतली चूक उघड झाली: कापलेला स्क्रीनशॉट जुन्या फाइलवरच लिहिला जायचा, पण उरलेली शेपटी छाटली जात नसे, आणि तिच्यातून कापलेला भाग बऱ्यापैकी परत मिळवता येई. पाठोपाठ विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसेच निघाले. त्या काळातले कापलेले स्क्रीनशॉट उघडून नव्या नावाने नवी फाइल म्हणून जतन करा. इथे मेटाडेटा (फोटोबरोबरची माहिती) पुसून भागत नाही.

कोरीपाटी

भरपूर मिळाले, आभार. तीन उपप्रश्न. पिकासाची नावे कुठे असतात? रॉ फाइलींवर हीच आज्ञा चालेल का? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून परत उतरवले तर आपोआप साफ होते म्हणतात, ते खरे का?

बाइटबहाद्दर

पिकासा: चेहऱ्यांच्या चौकटी प्रत्येक फोल्डरमधल्या ‘पिकासा.आयएनआय’ या लपलेल्या फाइलमध्ये असतात, माणसांची नावे वेगळ्या संपर्क-फाइलमध्ये. नावे फोटोत लिहिण्याचा पर्याय वापरला असेल तर ती एक्सएमपीतही आहेत. तिथली वरच्या आज्ञेने जातील. आयएनआय फाइल मात्र हाताने काढावी लागेल, म्हणून आधी लपलेल्या फाइली दिसतील असे करा. गूगलच्या टेकआउटमधून (आपला साठा उतरवून घ्यायची सोय) फोटो उतरवले असतील तर शेजारच्या जेसॉन फाइलींत ठिकाण असते, आणि ‘.एक्सएमपी’ नावाच्या जोडफाइलीही बघा. अल्बममध्ये फक्त जेपेग न्यायचे, बाकी काही नाही.

रॉवर चालवू नका! त्या फाइलीत चित्र नीट उलगडायला लागणारी माहितीच मेकरनोटमध्ये असते. आधी जेपेग बनवा, मग जेपेग साफ करा. टिफ स्कॅनमध्येही एक्झिफचा मुख्य विभाग पूर्ण काढता येत नाही, कारण चित्राचा पत्ता त्यातच असतो.

व्हॉट्सअ‍ॅप: ‘फोटो’ म्हणून पाठवला तर तो फोटो पुन्हा दाबून लहान करते आणि ठिकाण वगैरे गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, सगळ्या माहितीसकट. म्हणजे एकात प्रत घटली, दुसऱ्यात साफ झाले नाही. तुमच्या कामाचे दोन्ही नाही.

निगेटिव्ह३६

फाइलचे नाव कोणी बोलले नाही. ‘आयएमजी-२०१४०३०९-डब्ल्यूए०००७’ या नावात तारीख आहे आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला हेही. मुलाचे आणि शाळेचे नाव घालून ठेवलेल्या फाइली त्याहून वाईट. नकलेच्या फोल्डरमध्ये ०००१ पासून साधे क्रमांक द्या.

तारीख ठेवायचीच असेल तर वेळेचाही विचार करा. रोज सकाळी त्याच फाटकापाशी काढलेले दहा फोटो वेळेसकट टाकले तर जीपीएसची गरज उरत नाही. असे फोटो वेगळे काढून त्यांच्यावर तारखेचा टॅग परत न आणता आज्ञा चालवा.

टॅगमोडे

तपासणी केल्याशिवाय अपलोड नको. साफ केलेल्या फोल्डरवर हे:

एक्झिफटूल -आर -ए -यू -जी१ फोल्डरचे-नाव

(सगळी अक्षरे छोटी; मोठे ‘जी’ दिले तरी चालते, फक्त मांडणी बदलते.) फाइलची साधी माहिती, रंगाची माहिती, दिशा, तारीख आणि एक्झिफटूल स्वतः भरते ते साधे तांत्रिक टॅग एवढेच दिसले पाहिजे. अडोबी नावाचा छोटा विभाग दिसला तर राहू द्या, एक्झिफटूल तो मुद्दाम ठेवते. बिंदूंचे रंग कसे वाचायचे तेवढेच त्यात असते.

फाइलींमध्ये स्वतःचे नाव मजकूर म्हणून शोधण्याची युक्ती चांगली आहे, पण एका ठिकाणी फसते. विंडोजने लिहिलेले लेखक, शीर्षक, शेरा हे टॅग यूटीएफ-१६मध्ये असतात, प्रत्येक रोमन अक्षरामागे एक शून्य बाइट. साध्या शोधाला ते सापडत नाहीत आणि ‘काही नाही’ असे उत्तर येते. म्हणून वरची यादीच खरी.

हे फोटो आधी कुठे अपलोड झाले असतील तर तिथली प्रत आहे तशीच आहे. ती काढून साफ केलेली पुन्हा चढवावी लागेल. पेनड्राइव्हवरून देणार असाल तर ज्याच्यावर मूळ फोटो कधी नव्हते असा घ्या. पुसलेल्या फाइली क्विक फॉरमॅटनंतरही परत काढता येतात.

कोरीपाटी

२० फोटोंवर चालवले. दिशा ठीक, तारखा जागेवर. दोन फाइलींचा आकार निम्म्याहून कमी झाला, शेपूटच होते. एका स्कॅनमध्ये कॉमेंट होती, स्कॅनर लावणाऱ्याच्या नावाची, तीही गेली. आता उरलेल्या ९८० वर चालवतो.