काळ्या गाडीवर जाळं, दारावर ओरखडा: रबिंग, सिरॅमिक की सरळ पेंट?

गोधनी_ते_हिंगणा

नमस्कार मंडळी. गाडी काळी सेडान, चौथं वर्ष चालू आहे. घर गोधनीला, ऑफिस हिंगणा एमआयडीसीत, म्हणजे रोज अख्खं नागपूर पार करायचं. घरी शेड नाही, गाडी कडुनिंबाखाली उभी असते. बाकी पक्षी बघून घेतात.

सकाळी एक दादा गल्लीतल्या सगळ्या गाड्या पुसतात. बादली एक, फडकं एक, आणि माझा नंबर येईपर्यंत त्याच पाण्यात तीन-चार गाड्या झालेल्या असतात. सावलीत गाडी मस्त दिसते. पण परवा रात्री पेट्रोल पंपावर एलईडीखाली उभी केली, तर बॉनेटवर दिव्याच्या भोवती गोल गोल बारीक रेषांचं जाळं! आता नजर तिथेच जाते.

दुसरं दुखणं वेगळं. सीताबर्डीला पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बाइकचं हँडल डाव्या मागच्या दाराला घासलं. वीतभर ओरखडा आहे. दोन्ही टोकांना बारीक आहे, पण मधला भाग राखाडी दिसतो आणि तिथे नख अडकतं.

एका दुकानात म्हणाले, "पूर्ण गाडी रबिंग, वरून सिरॅमिक, 22 हजार. ओरखडापण निघून जाईल." (रबिंग म्हणजे मशीननं घासून पॉलिश, सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचं संरक्षक कोटिंग.) दुसरा म्हणतो दार आणि त्याच्या मागचं पॅनेल दोन्ही रंगवा, विम्याचा क्लेम टाका. बाबा म्हणतात टूथपेस्ट लाव. कुणाचं ऐकू? आणि आता मे महिन्यात करायचं की थांबायचं?

---

मनीषनगरवाला

टूथपेस्टला हसू नका, माझ्या पांढऱ्या हॅचबॅकला मी तेच लावतो, ओरखडा दिसत नाही. बाकी सिरॅमिक करून टाका ताई. नाइन एच कोटिंग असतं, नंतर जाळं पडायचा प्रश्नच नाही.

---

वाडीचा_पेंटर

ताई, डेंटिंग-पेंटिंगमध्ये उमर गेली माझी. आता शेड पोरगा पाहते, मी खुर्चीवर बसून त्याच्या कामात खोड्या काढतो. तुमचे दोन्ही दुकानवाले अर्धं अर्धं खरं सांगून राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नसते. पत्रा कंपनीत टाकीत बुडवून विजेनं गंजरोधक थर चढवतात, त्यावर प्रायमर, मंग बेस, म्हणजे तुमचा काळा, अन् सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. सगळं मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन, त्यात क्लिअर 40-50च्या आसपास. डोक्याचा केस धरा 70 मायक्रॉन. म्हणजे तुम्ही ज्याला चमक म्हणता ती केसाहून पातळ पापुद्र्यात आहे. उन्हापासून काळा रंग वाचवणारं द्रव्यही त्याच पापुद्र्यात असते.

जाळं आहे ते ह्या क्लिअरमध्ये. रबिंग केल्यानं चर भरत नाही. चराच्या बाजूचं क्लिअर घासून खाली आणतात, चराच्या बुडापर्यंत. हलक्या हातानं, मऊ पॅडनं केलं तर एक-दोन मायक्रॉन जाते. लोकरीचा पॅड, जाड कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, अन् वरून जोर लावला तर चार-पाच कधी गेले कळत नाही. गेलेलं क्लिअर परत येत नाही जी. म्हणून कोणी 'दर दिवाळीला रबिंग करून घ्या' म्हणलं की हात जोडायचे अन् गाडी काढायची. जुन्या गाड्यांच्या छतावर पांढरे पोपडे सुटलेले पाहिले न तुम्ही? क्लिअर उन्हानं मेलं की ते होते, अन् घासून पातळ केलेलं लवकर मरते. त्याला मंग कोणतं पॉलिश चालत नाही, पूर्ण पॅनेल घासून नव्यानं रंगवा लागते.

म्हणून दुकानात 'किती चमकेल' हे नका विचारू. 'किती क्लिअर उरेल' हे विचारा. ज्याच्याजवळ रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे तो पॅनेल-पॅनेलवर टेकवून आकडा दाखवते. ज्याच्याजवळ नाही तो तुम्हाले चहा पाजते.

आता दार. नख अडकते अन् राखाडी दिसते म्हणजे तिथं क्लिअर गेलं, काळाही गेला, प्रायमर उघडं पडलं. नसलेला रंग रबिंगनं कुठून आणणार? टोकाच्या बारीक रेषा मात्र निघतील. त्या मधल्या भागासाठी दोन रस्ते. एक, बाटलीतला टच-अप. आधी मेण, तेल पुसून घ्या. मंग अगदी बारीक ब्रशनं किंवा काडीच्या टोकानं फक्त खाचेत रंग सोडा, वाळू द्या, परत सोडा. एकदाच जाड थेंब ठेवला की गोळा होते अन् ओरखड्याहून जास्त दिसते. शेवटी क्लिअर. हातभर अंतरावरून दिसणार नाही, जवळून पाहणाऱ्याले दिसेल. दुसरा रस्ता म्हणजे दार रंगवा. पण पुरं दार, चार बोटांचा ठिपका नाही. क्लिअर नेहमी पॅनेलच्या कडेपर्यंत किंवा घडीच्या रेषेपर्यंत न्यायचं असते. मधेच सोडलं तर काही महिन्यांत तिथं कड उमटते.

मागचं पॅनेल रंगवायचं का, ते तुमच्या काळ्यावर आहे. साधा काळा असेल तर दार एकटं खपून जाते. उन्हात बारीक चमचम दिसत असेल, म्हणजे मेटॅलिक किंवा पर्ल, तर शेजारच्या पॅनेलवर रंग विरळ करत न्यावा लागते, नाही तर दार वेगळं दिसते. म्हणजे दुसरा दुकानवाला लुटूनच राहिला असं नाही.

टूथपेस्टबद्दल. ती घासतेच, पण तिचे कण दातांसाठी मोजलेले आहेत, रंगासाठी नाही. पांढऱ्या गाडीवर काय झालं ते दिसतच नाही, म्हणून मनीषनगरवाले खूश आहेत. काळ्यावर त्या जागी धुरकट डाग पडेल. अन् नाइन एच म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचं माप आहे भाऊ, हिरा जिथं दहावर असते त्या मोजपट्टीतलं नववं नाही. सिरॅमिकनं पाणी घसरते, घाण कमी चिकटते, धुणं सोपं जाते. मळक्या फडक्याची रेघ त्यावरही पडते.

---

गोधनी_ते_हिंगणा

काका, इतकं नीट आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. काळा पर्ल आहे, उन्हात निळसर चमक दिसते. पण जाळं पडलं कशानं? पुसणारे दादा तर मऊ बनियनचं फडकं वापरतात.

---

वाडीचा_पेंटर

फडक्याचा दोष नाही, फडक्याखाली काय आहे त्याचा आहे. तुम्ही गोधनीच्या. कोराडी, खापरखेडा वीजकेंद्रांची राख उडते ते तुम्हाले मी काय सांगू, गच्चीवरचे कपडे सांगतात. त्या राखेत सिलिका असते, काचेसारखे बारीक कण. वरून सिमेंट रोडची धूळ. कोरडी गाडी त्या फडक्यानं पुसणं म्हणजे रोज सकाळी पाणी पेपर, म्हणजे घासायचा बारीक कागद, फिरवणं झालं. रेघा सगळीकडे, सगळ्या दिशांनी आहेत, पण दिव्याभोवती ज्या आडव्या पडतात त्याच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसते.

आधी पुसणं थांबवा, मंग पॉलिश करा. उलटं केलं तर पैसे महिनाभरात गेले. धूळ आहे तर असू द्या, आठवडाभर नुसत्या कोरड्या धुळीनं लगेच रंग खराब होत नाही. आठवड्यातून एकदा आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं राख वाहवा, हात न लावता. मंग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मंगच शाम्पूत. छतापासून खाली या, दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, अन् चाकांना वेगळं कापड. कपड्याची पावडर, भांड्याचं लिक्विड नको, मेण धुऊन जाते. बोअरचं पाणी असेल तर गाडीवर वाळू देऊ नका, क्षाराचे गोल डाग बसतात. ताजे असले तर पांढरं व्हिनेगर अन् पाणी अर्धं अर्धं करून, एका कोपऱ्यात पाहून, पुसा अन् लगेच धुवा. उन्हात भाजून आत गेलेले डाग मात्र पॉलिशनंच निघतात, तेही सगळे नाही.

पक्ष्याची विष्ठा दिसली की ओलं कापड ठेवून भिजवा, मंग उचला. मे महिन्यात दुपारपर्यंत ठेवली तर क्लिअरमध्ये छाप राहते.

---

बफर_हातात

काका बरोबर आहेत, फक्त एक भर. मी डिटेलिंग करतो, पेंटिंग नाही. जाळ्यासाठी गोल फिरणारं जुनं रोटरी मशीन लावूच नका, ड्युअल अ‍ॅक्शन लावायला सांगा. ते फिरता फिरता हलतं, एका जागी तापत नाही. कडा आणि बॉडीच्या घड्यांवर क्लिअर मुळातच पातळ असतं, तिथे टेप लावून घ्यायची. आणि पूर्ण गाडी करायच्या आधी बॉनेटवर एक फूटभर चौकोन करून दाखवा म्हणायचं. त्या चौकोनावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्यानं पुसून मग दिवा मारायचा. बरीच पॉलिशं तेलकट असतात, चर झाकतात, दोन धुण्यांत जाळं परत हजर. अल्कोहोलनं तेल गेलं की खरं काय उरलं ते दिसतं.

70-80 टक्के जाळं गेलं की थांबा. उरलेल्या खोल रेघांच्या मागे लागलं की क्लिअर उडतं. आणि आधी क्ले बार, म्हणजे चिकट मातीसारखी वडी, फिरवायचा, राख आणि लोखंडाचे चिकटलेले कण त्याने निघतात.

---

वाडीचा_पेंटर

रोटरीला उगाच शिव्या नको बाप्पा, हात पाहिजे. पण नवख्या पोराच्या हाती देऊ नये हे कबूल. क्ले काळ्या गाडीवर फिरवला की त्याच्या स्वतःच्या बारीक रेघा पडतात, म्हणून पॉलिश करणारच असाल तरच फिरवा.

अन् हो, पॉलिश करताना पॅडवर काळा रंग आला तर जागीच थांबवा. पॅडवर रंग म्हणजे तिथलं क्लिअर गेलं, नाही तर आधी कोणी तरी क्लिअरशिवाय रंगवलेलं. सेकंडहँड गाडी पाहायची हीपण एक रीत आहे.

---

खामल्याचा_हिशेबनीस

क्लेमचं मी सांगतो. एका दारासाठी क्लेम टाकला की पुढच्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याची सूट, शून्यावर येतो. तीन वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर 35 टक्के सूट असते, चार वर्षांनी 45, पाचनंतर 50. वर अनिवार्य कपात तुमच्या खिशातून. दाराचा खर्च आणि ही गेलेली सूट शेजारी-शेजारी मांडा. एनसीबी प्रोटेक्शन, म्हणजे क्लेम करूनही ही सूट टिकवणारी जोड, घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी, पॉलिसीत बघा.

---

गोधनी_ते_हिंगणा

पॉलिसी काढून बघितली, प्रोटेक्शन नाही. हिशेब केला, क्लेम परवडत नाही. पुसणाऱ्या दादांशी पण बोलले. पैसे तेवढेच, पण रोज फक्त काचा आणि आरसे. आधी त्यांना वाटलं काम गेलं. आता म्हणतात बाकीच्यांनाही सांगा.

मग काका, दार आता करू की पावसाळ्यानंतर?

---

वाडीचा_पेंटर

पॉलिश अन् पेंट दोन्ही दिवाळीनंतर. आता काळा पत्रा हात लावू देत नाही, कंपाउंड पॅडवरच वाळते अन् चिकट होते. पावसात रंग मारला तर थिनर उडताना हवेतली ओल धरते, क्लिअर पांढुरकं पडू शकते. भट्टीवाला बूथ असेल तर बारा महिने चालते, 60 डिग्रीला अर्धा तास भाजून काढतात. उघड्या शेडमध्ये मात्र हिवाळाच बरा. रंगवल्यावर निदान महिनाभर त्या दारावर मेण, सिरॅमिक काही नको, आतला थिनर निघू द्या.

पण पावसाळा तसाच काढू नका. त्या राखाडी भागावर आत्ताच टच-अप मारून घ्या. प्रायमर ओल पिते, अन् कुठं पत्र्यापर्यंत गेलं असेल तर गंज धरेल. दिवाळीनंतर दार करताना तो टच-अप घासून काढू, काही बिघडत नाही. बाटली घेताना 'काळा द्या' म्हणू नका. दाराच्या खांबावर नाही तर बॉनेटखाली स्टिकर असते, त्यावर रंगाचा कोड असते, तो दाखवा. काळ्यातही पाच प्रकार निघतात. अन् सकाळी सातच्या आत करा, सावलीत.

---

मनीषनगरवाला

काका, पांढऱ्यावर टूथपेस्ट लावलेली आता काढायची कशी?

---

वाडीचा_पेंटर

धुवा.