मदत हवी आहे: तांब्याचा पत्रा लाल करूनही ठोकताना तडकतोय

वाडगेवाला
तांब्याचं वाडगं ठोकतोय, पत्रा दीड मिलिमीटर. आधी छान वळला, मग कडक झाला, हातोडी उसळायला लागली. म्हणून टॉर्चने लाल करून थंड केला. पुन्हा ठोकला तर काठाला केसासारखे तडे. परत लाल केला तर आणखी वाढले. गुरुवारी वाडगं द्यायचंय. काय करू, लगेच सांगा.

भट्टीवाला
पाण्यात बुडवला असणार! लाल धातू पाण्यात टाकला की कडक होतो. राखेत पुरून रात्रभर ठेवा. माझी हयात टूलरूममध्ये गेली आहे.

तांबटाचा_नातू
काका, ते छिन्नीला पाणी पाजायचं झालं. पुण्याच्या तांबट आळीत लाल भांडं सरळ पाण्यात बुडवायचे. वरची काळी खपलीही सुटते.

भट्टीवाला
धातू तो धातू. तापवून सावकाश थंड करणं म्हणजेच ॲनिलिंग.

अवंती_क
पोलादापुरतं काकांचं बरोबर आहे. पोलाद ७२७ अंशांच्या वर गेलं की आतली रचनाच बदलते. मग झटकन थंड केलं तर कार्बन अडकून पडतो आणि कडक मार्टेन्साइट बनतं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, तोवर त्याची रचना एकच राहते, त्यामुळे पाण्याने अडकण्यासारखं त्यात काही नाही. ठोकल्यावर ते कडक होतं, कारण स्फटिकांतले दोष वाढतात आणि एकमेकांची वाट अडवतात. तापवल्यावर तिथे ताण नसलेले नवे स्फटिककण तयार होतात. मऊपणा येतो तो तेव्हाच, थंड कसं केलं यावर तो अवलंबून नाही.
वाडगेवाला, पत्रा कुठून आणला? ज्योत कशी ठेवता?

निवांत
वाडग्यात दही-ताक ठेवणार असाल तर आतून कल्हई हवीच.

वाडगेवाला
कल्हईचं नंतर बघू. पाण्यातच बुडवतो. तांबंच आहे, आणखी काय सांगू?

दारूगोळा
पितळ तर नाही ना? एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. तबेल्याच्या हवेतला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण, दोन्ही मिळून.

अवंती_क
माहिती चांगली आहे, पण ते पितळेचं. वाडगेवाला, पत्रा कुठला?

वाडगेवाला
भंगारातली बसबारची (वीज वाहून नेणारी जाड तांब्याची) पट्टी रोल करून घेतली. ऑक्सि-ॲसिटिलीनची टॉर्च आहे. भोक पडू नये म्हणून ॲसिटिलीन जास्त सोडून मऊ ज्योत ठेवतो आणि बराच वेळ फिरवतो.

अवंती_क
मग कारण तेच असणार. बसबारचं तांबं बहुतेक ईटीपी, म्हणजे विजेच्या कामाचं नेहमीचं शुद्ध तांबं असतं. त्यात ०.०२ ते ०.०४ टक्के ऑक्सिजन ऑक्साइडच्या रूपात असतो. अशा ज्योतीतला हायड्रोजन तापलेल्या तांब्यात शिरतो, ऑक्साइडशी मिळून त्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे कणांच्या सीमा आतून उसवतात. उसवलेलं पुन्हा तापवून जुळत नाही, म्हणून दर खेपेला तडे वाढले. हे वाडगं सोडून द्या.
त्याच पत्र्याचे दोन तुकडे कापा. एक तुमच्या ज्योतीने, दुसरा ऑक्सिजन किंचित जास्त ठेवून तापवा. दोन्ही दुमडून बघा.

तांबटाचा_नातू
दिवा मालवून तापवा. अंधारात मंद लाल दिसला की थांबा, साधारण ६०० अंश. जास्त तापला तर कण मोठे होतात आणि ठोकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. मठारकामात, म्हणजे हातोडीचे ठसे उठवताना, ते लगेच दिसतं.

भट्टीवाला
राखेत ठेवलं तर बिघडतं काय पण?

तांबटाचा_नातू
काका, बराच वेळ गरम राहतं. तेवढी कण मोठे व्हायची भीती.

वाडगेवाला
दुमडून पाहिले. माझ्या ज्योतीचा तुकडा घडीवरच तडकला, दुसरा सपाट मिटला. नवा पत्रा कोणता मागू?

अवंती_क
डीएचपी मागा. त्यात फॉस्फरस घालून ऑक्सिजन काढलेला असतो. एसीच्या नळ्या त्याच तांब्याच्या. वाडग्याचा व्यास किती?

वाडगेवाला
काठाशी सहा इंच.